मी चिरलेल्या डांगराच्या बिया

आबा,

१. तुमच्या शेवटच्या डांगराच्या, त्या लाल भोपळ्याच्या, काही बिया राखेच्या मडक्यात निघाल्या. आईने जपून ठेवल्या होत्या.
२. त्यातल्या बऱ्याचशा मी जळगावला आणून प्रयोगशाळेत उगवायला ठेवल्या.
३. त्या कुजल्या.
४. काकू म्हणाली, कुजणारच होत्या.

आता तीन उरल्या आहेत. त्या गेल्या की वाण संपला, कारण शेजाऱ्यांना तुम्ही डांगराची फोड द्यायचात, बी कधी दिली नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकला होते. आता बियाणे तपासण्याचंच काम करते, जळगावातच मेहरूणला खोली घेऊन राहते. बिया का कुजल्या हे मला कळतं. त्या जुन्या आहेत. एवढ्या मोठ्या डांगराच्या बीची साल जाड असते, पाणी आत शिरायला वेळ लागतो, आणि तोवर बियांखालचा कागद फार ओला राहिला तर बीला हवा मिळत नाही. ऊबही कमी पडली असावी. हे सगळं मी काकूला समजावून सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "तुन्हं बठ्ठं खरं शे, माय. पन त्या डांगरले बाईनी सुरी लागनी व्हती."

तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पांझरा नदीकाठच्या तुकड्यातलं ते डांगर, वेलावर तुम्ही एकच फळ राखलेलं, दोघांनी गोधडीत घालून घरी आणलेलं. स्वयंपाकघराच्या मधोमध ते बसलं आहे आणि सगळ्या बायका पुरुषाची वाट पाहत उभ्या आहेत, कारण डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, आंडोर, त्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही. तुम्ही येता, हात धुता, आणि सुरी माझ्या हातात देता. काकू ओरडते. तुम्ही हसता. "काप व माय. डांगर शे ते, आंडोर नही." मी कापते. साल इतकी कठीण की सुरी अडकते. तुम्ही मदत करत नाही, नुसते पाहत राहता. त्याच हिवाळ्यात तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात गेलात आणि परत आला नाहीत. दहाव्याला मागच्या दारी कुणीतरी माझ्याविषयी हळू आवाजात म्हणालं, "डांगर कापं ना तिनी." आई तिथेच होती. तिने त्या बिया इतकी वर्षं का ठेवल्या हे मी विचारलेलं नाही.

काकूचं म्हणणं, उरलेल्या तीन बिया तिच्या मुलाच्या हातून लावाव्यात, म्हणजे दोष जाईल. त्या त्याच्या हातून उगवल्या तर वाण वाचेल आणि माझ्यावरचा ठपका कायमचा पक्का होईल. माझ्या हातून कुजल्या तर ठपका पक्का होईलच, वाणही जाईल. पद्धत मला माहीत आहे, तुमचीच आहे. कडा दगडावर घासायच्या, टोकाला हात लावायचा नाही, कारण मूळ तिथून येतं. कोमट पाण्यात भिजवून, ओल्या धोतराच्या तुकड्यात बांधून, शेणखताच्या ढिगात उबेला ठेवायच्या. लहानपणी मी ती पुरचुंडी सारखी सोडून बघायची आणि तुम्ही रागवायचात, "घडी घडी काय उघाडस? बी काय पळी जाई का?" पुस्तकात याहून वेगळं काही नाही, दगडाऐवजी कानस म्हटलं आहे, इतकंच.

डांगर कापल्याने माणूस मरत नाही. हे मी परीक्षेत लिहीन, कोर्टात सांगेन. पण काल कडा घासायला कानस हातात घेतली आणि परत ठेवून दिली. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

बिया आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लावायच्या, म्हणजे सोमवारी भिजवाव्या लागतील. मी लावू की काकूच्या मुलाला देऊ, एवढंच विचारायचं आहे. हे पत्र पेटीत टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. तरी येत्या सोमवारपर्यंत उत्तर कळवावं.