मास्तर हळू झालेत

३ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच! जलद चालीत सुरुवात केली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गोगलगाय. मास्तर हळू झालेत. बेसवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मास्तर मान खाली घालून पियानो वाजवत राहिले. एकाहत्तर वर्षांचे आहेत. जॅझ म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं, स्वतःच्या स्वयंपाकघरात, पालथ्या पातेल्यावर ड्रमचे तारेचे ब्रश फिरवायला लावून. त्यांना कोण सांगणार?

४ फेब्रुवारी
दिवसभर स्टुडिओत. पॉपची तीन गाणी, तिन्ही पहिल्याच टेकला ओके! कानात मशीनची टिकटिक आणि तिच्यावर एकेक फटका. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "दादा, तुम्ही माणूस आहात की घड्याळ?" सकाळी पॉप, संध्याकाळी जॅझ — वीस वर्षं दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहे, अजून पडलो नाही.

घरी हिला सांगितलं. मास्तरांचंही सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणते, "नाचता येईना, अंगण वाकडं!" रागाने जेवलो नाही. म्हणजे, अर्ध्या तासाने जेवलो.

९ फेब्रुवारी
अठ्ठावीसला आमच्या तिघांचं पहिलंवहिलं जॅझ रेकॉर्डिंग. वीस वर्षांनी! चाल अशीच घसरली तर तोंडघशी पडू. बेसवाला म्हणतो, "तूच बोल बाबा." का मीच? तर म्हणे, तू त्यांचा लाडका.

१२ फेब्रुवारी
बोललो.

मास्तर चहा गाळत होते. म्हटलं, मास्तर, लय उतरतेय हल्ली, या वेळी दुसऱ्या कुणाला बसवू या का? गाळणी हातात तशीच राहिली. मग म्हणाले, "खरंय. वय झालं." एवढंच! दारापर्यंत सोडायला आले. "नव्या माणसाला सांग, ड्रमवाल्याकडे कान ठेव म्हणावं." वाटलं, जाता जाता माझं कौतुकच करताहेत. जिन्यात रडू आलं. पण सुटल्यासारखंही वाटलं — इथे खोटं कशाला लिहू?

१९ फेब्रुवारी
नवी पियानोवाली आली. पंचविशीची, हात सुसाट. तिसऱ्या फेरीत चाल उतरली. पुन्हा वाजवलं. पुन्हा उतरली! ती थांबली. "काका, रागावू नका — तुम्ही मागे ओढताय."

मी? बेसवाल्याकडे पाहिलं. तो खुंटी पिळत बसला. तार सुरात असताना!

घरी आलो तो थेट जुन्या तालमींची रेकॉर्डिंगं काढली. बेसवाला फोनवर करून पाठवत असे. मी कधी उघडलीच नव्हती. शेजारी मशीनची टिकटिक लावली. सुरुवातीला मास्तर एकटे वाजवतात, तेव्हा टिकटिकीला अगदी चिकटून. मी शिरलो की उतरण सुरू. मास्तर थोडे पुढे सरकतात, मला ओढू बघतात. मी येत नाही. मग ते माझ्यासाठी हळू होतात. गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक तालमीत हेच!

कानात टिकटिक नसली की मला चालता येत नाही. कधीपासून? आणि 'वय झालं' म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं. लाज वाटते, लाज! ही मागे उभी राहून ऐकत होती. या वेळी म्हण नाही काढली. खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

२० फेब्रुवारी
मास्तरांकडे गेलो. वाटेत माफी पाठ केली होती, दार उघडताच विसरलो. एवढंच निघालं, "मास्तर, बोलला का नाहीत?"

"मी सांगून ऐकलं असतंस? आठ दिवस लावलेस, गधड्या! आत ये."

ओट्यावर पातेलं पालथं घातलेलं होतं, शेजारी दोन ब्रश.