किनवटला जाण्याचा लांबचा रस्ता

शुक्रवार, २० ऑगस्ट २००४. लातूर, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी नियमित. सबबी बंद.

ट्रिप: लातूर ते किनवट. ओम्नी, तंबू, स्टोव्ह, मी आणि उज्वला. हायवे अजिबात नाही. माझ्या या लेकीचा किनवटला डी.एड.ला नंबर लागलाय. सोमवारी पाचपर्यंत ओरिजिनल कागदपत्रं दाखवली नाहीत तर सीट वेटिंगवाल्याला जाते. माझा विरोध नाही. उलट स्वतः पोचवायला निघालोय. जाता जाता फिजिक्सचं थोडं बोलू. मंगळवारी माझ्या क्लासची रिपीटर बॅच सुरू होते, तिसऱ्या बाकावर तिची जागा ठेवलीय. मेडिकल दोनदा हुकलं म्हणजे तिसऱ्यांदा हुकेलच असा कुठला नियम नाही.

तिच्या कागदपत्रांची फाइल घरात गाद्यांमागे ठेवलीय, पावसात भिजायला नको. निघताना आठवणीनं घ्यायची.

तंबू माळ्यावरून काढताना बायकोनं, उमादेवीनं, पाहिलं. भूकंपात मिळालेला तंबू, अकरा वर्षं झाली तरी कापड भक्कम. आमचा नंबरसुद्धा दिसतो, ११७. पुण्या-मुंबईचे लोक असला तंबू विकत घेतात.

दुपारी ३. शिरूर अनंतपाळच्या पुढे

तासाभराच्या अंतराला सात तास. हेच तर कॅम्पिंग. तीनदा रस्ता चुकलो, दोनदा ठरवून.

फाइल राहिली. माणूस आहे, विसरतो. सोमवारी सांगेन, उगाच पोरीच्या डोक्याला ताप नको.

शनिवार, २१ ऑगस्ट. सकाळी ७

उज्वला तंबूत आलीच नाही. ओम्नीत झोपली. म्हणाली, चौदा महिने काढलेत बाबा मी यात, आता बास. मी म्हणालो, तेव्हा काय मजा होती, आपण चौघं... मग आठवलं, तंबूत आम्ही तिघंच होतो. धाकटा नरसिंग तंबूत आलाच नव्हता. चार वर्षांचा होता.

ट्रिपमध्ये तो विषय नको. चहा चांगला झाला.

दुपारी १२.४०. मुखेडच्या अलीकडे

मुद्दाम कच्चा रस्ता धरला. पुढे पूल वाहून गेलेला. तोंड पाडलं, आतून बरं वाटलं. बांधावर दगडोबा नावाचे शेतकरी उभे होते. म्हणाले, सर, इकडं कुठं जाऊन राहिले? पूल न्हाई, पर वाट हाय. आणि न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. रानातून काढत वीस मिनिटांत डांबरीवर आणून सोडलं. उज्वलाला म्हणाले, मास्तरीण होऊन राहिली व्हय? लई चांगलं, बाई. तिनंच सांगितलं असणार.

असल्या भल्या माणसांपायी ट्रिपचा पार विचका होतो. अर्धा दिवस वाचला. तो कुठे घालवायचा हे बघतो.

रविवार, २२ ऑगस्ट. दुपारी ४, इस्लापूर

सहस्रकुंडाचा धबधबा पाहिला. किनवट आता जवळच. काठावर उभं राहून पडत्या वस्तूचं सूत्र समजावलं. उज्वलानं मान हलवली. माझ्या मते ती बरीचशी वळली आहे. तीन दिवसांत एकदाही नाही म्हणाली नाही. तसं पाहिलं तर काहीच म्हणाली नाही.

सोमवार, २३ ऑगस्ट. सकाळी १०.३०

नऊ वाजता फाइलचं सांगितलं. आवाज मुद्दाम पडेल ठेवला. उज्वलानं बॅग उघडली, फाइल काढून दाखवली. म्हणाली, शुक्रवारी तुम्ही तंबू बांधत होता तेव्हा आईनं गाद्यांमागून काढून दिली. मी विचारलं, मग तीन दिवस गप्प का? म्हणाली, तुम्हाला माझ्यासोबत फिरायचं होतं ना, फिरू दिलं.

मी म्हणालो, थांब, तंबू आवरतो, मग निघू. दोऱ्या बऱ्याच असतात, वेळ लागतो. फाट्यावर किनवटची काळीपिवळी जीप उभी होती. ड्रायव्हर, बिलाल नाव, ओरडून राहिला, एकच सीट हाय, बेटी, जल्दी. बसली.

बसताना म्हणाली, भिंत नरसिंगवर पडली, बाबा. मी आहे.

जीप गेल्यावर तंबू तासभर तसाच उभा ठेवला. आता इथं दुसरं कुणी वाचणारं नाही, म्हणून लिहितो. मला ती डॉक्टर व्हायला नको होती. हाक मारली की ओ येईल एवढ्या अंतरावर हवी होती.

मंगळवार, २४ ऑगस्ट. लातूर, संध्याकाळी ६

काल हायवेनं परत आलो. सहा तास. खड्डेसुद्धा फारसे नव्हते.

बॅच सुरू. एकशे चाळीस मुलं. एक पालक पुढच्या बाकासाठी फार मागे लागले. तिसऱ्यावरची जागा देऊन टाकली. उमादेवीनं विचारलं, ट्रिप कशी झाली? म्हटलं, कॅम्पिंग छान झालं. तिनं उज्वलाच्या कॉटवर माझं अंथरूण घातलंय.

निश्चय: अकरा वर्षं अंगणात झोपलो, हवेसाठी. आजपासून घरात.

बुधवार, २५ ऑगस्ट. सकाळी ८

घरात झोपलो. दहा मिनिटं. मग ओम्नीत. तिचं छत पत्र्याचं आहे, ते चालतं.

किनवटहून एसटीडीवरून फोन आला. अ‍ॅडमिशन झाली. होस्टेलला खोली तळमजल्यावर मिळालीय, वर दोन मजल्यांचा स्लॅब. तिला रात्री गाढ झोप लागली म्हणे.