अहवालातला चुकलेला आकडा

१४ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. दोन वर्षांनी मला तुला पत्र लिहायला बसलेलं पाहून म्हणाली, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

काल तुझा अहवाल आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात आला. मालकांनी केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवला. टाकीतल्या पाण्याचा रंग गेला, विषही मोडलं, त्या पाण्यात सोडलेले मासे जगले. केसाहून शेकडो पट बारीक धाग्यांची तुझी ती चटई, उजेड पडला की जागी होणारी तिच्यातली पूड... घरी तू हे सांगायचीस तेव्हा मी पेपर वाचत बसायचो.

अहवालात एक आकडा चुकला आहे. चूक तुझी नाही.

चाचणीच्या दिवशी तू सुरुवातीचा नमुना बाटलीत घेतलास आणि दिव्यांच्या तारा जोडायला वळलीस. तेवढ्यात मी वर जाऊन कॉक उघडला. काळा रंग देऊन उरलेलं दाट पाणी सगळं टाकीत सोडलं. "बाबा, तुमच्या हातून विष वाहतं," हे तुझं दोन वर्षांपूर्वीचं बोलणं जिव्हारी लागलं होतं. याच हातांनी तुला शिकवलं ना! मला तू हरायला हवी होतीस, ठके. बापाने असं लिहू नये, पण खरं तेच आहे.

तुझी सहकारी ओरडली, "पाणी डांबरासारखं कसं झालं?" तू मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "असू दे. दिवे लावा."

बाराला पाणी स्वच्छ व्हायचं ते चारलाही होईना. मालक कंटाळून निघून गेले. तू स्टुलावरून हलली नाहीस. साडेपाचला टाकीच्या तळाच्या फरशीचे सांधे दिसायला लागले. चाळीस वर्षांत मला ते कधी दिसले नव्हते. खाली येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. धीर झाला नाही.

काल अहवाल वाचून झाला आणि मी मालकांना सगळं सांगून टाकलं. ते भडकले. "रंगमास्तर, पोटच्या पोरीशी असं वागलात?" मग अहवाल पुन्हा उघडून म्हणाले, "म्हणजे ती चटई एवढं पेलते?"

"पेलणारच," मी म्हणालो. "केलीय कोणी!"

टाकीत काय आणि किती सोडलं ते सोबतच्या कागदावर लिहून सही केली आहे. माझं नाव घालून दुरुस्ती कर, मला पाठीशी घालायला आता लपवू नकोस. पाणी तू लिहिलंस त्याच्या तिप्पट तरी दाट होतं. तुझं यश कमी लिहिलं जावं, हे मला चालणार नाही.

पुढच्या महिन्यात सगळ्या टाक्यांना चटया बसायच्या आहेत. ते काम मी मागून घेतलंय. कसं करायचं ते शिकवायला ये. वही घेऊन उभा राहीन.

दुधात मिठाचा खडा टाकायला गेलेला, आणि तोंडघशी पडूनही कालपासून कारखान्यात छाती फुगवून फिरणारा,
तुझा बाप