अठराव्या रणगाड्याचा चिखल

मी, हिराजी धाकू नाखवा, वय वर्षे सत्तर, निवृत्त रंगारी, मूळ राहणार कोळीवाडा, ठाणे, सध्या राहणार मोहने, तालुका कल्याण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाही. उजवा हात वर्षभरापासून थरथरतो, म्हणून अक्षर असे आले आहे. उद्या कोणी उभे राहून म्हणेल की हे अक्षर हिराजीचे नव्हे, तर त्याने डॉक्टरांचा दाखला पाहावा. तो मागे टाचला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लिहिताना खोलीचे दार आतून बंद असते, लिहून झाले की कागद ड्रॉवरमध्ये कुलपात जातात आणि किल्ली माझ्या करगोट्याला असते.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. असे काही कोणी पुढे आणले, तर ते खोटे समजावे आणि आणणारा कोण आहे हे आधी पाहावे.

कलम १. मोहने येथील दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव माझा मुलगा जयेश, राहणार डोंबिवली, यास मिळावी. जयेश वाईट नाही, पण त्याची नजर माझ्या फळीवर असते. दर रविवारी येतो, चहा घेतो आणि माझ्या छंदाच्या न उघडलेल्या किटांचे खोके मोजतो. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "पप्पा, हे खोके ऑनलाइन टाकले ना, तर एका दिवसात जातील. तुम्ही थोडीच आता करणार आहात?" तो गेल्यावर मी खोके पुन्हा मोजले. बावीस होते, बावीसच भरले. फ्लॅटची दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

कलम २. ठाण्याच्या कोळीवाड्यातले माझ्या वडिलांचे, कै. धाकू नाखवा यांचे, दोन खोल्यांचे घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझी धाकटी बहीण तुळसा हिने सन १९८९ मध्ये रीतसर हक्कसोड पत्र करून दिलेले आहे, त्यामुळे तिचा काही प्रश्न येत नाही. ते घरही जयेशला मिळावे. बिल्डर विचारतो आहे, जयेश पाहून घेईल. तुळसाचा नवरा गेला, मूलबाळ नाही, दिरांनी तिला ठेवले नाही. माझी बायको शेवंती वारल्यापासून ती माझ्याकडे राहते आणि स्वयंपाक पाहते. माझ्या पश्चात जयेशने वाटल्यास तिची सोय करावी.

वकीलसाहेबांनी सांगितले आहे की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याला साक्षीदार करू नये. तुळसाला काहीच मिळत नसल्याने ती साक्षीदार क्रमांक एक राहील. घरातल्या घरात काम होईल.

कलम ३. माझे सतरा रणगाडे. ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. हे प्लास्टिकचे किट असते. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा रणगाडा, वीतभर लांब, चारशे-पाचशे तुकड्यांत येतो. चिमट्याने एकेक तुकडा चिकटवायचा, घासायचा, रंगवायचा. साखळीपट्ट्यांच्याच दीडदोनशे कड्या असतात. आणि सगळे झाल्यावर खरे काम सुरू होते, म्हणजे तो जुना दिसायला हवा. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, नळीला काजळी, बोल्टांखाली गंजाचे ओघळ, तळाशी चिखल. एवढे केले की मग तो लढून आल्यासारखा वाटतो.

मला ते कधी जमले नाही. कारखान्यात एकतीस वर्षे मी जुन्या यंत्रांना रंग देऊन नवे करत होतो. कारखाना बंद पडला, आणि नव्याला जुने करायचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पण हाताला सवय वेगळी. पुस्तके वाचली, व्हिडिओ पाहिले, ओल्या रंगावर मीठ टाकून नंतर ते खरवडायचे, स्पंजने टिपायचे, सगळे केले. तरी माझा चिखल पट्टीने आखल्यासारखा सरळ येतो. ठाण्याच्या प्रदर्शनात एक परीक्षक म्हणाले होते, "सुंदर! आत्ता शोरूममधून काढल्यासारखा!" बाकीचे हसले. हसणारे कोण कोण होते ते माझ्या लक्षात आहे.

हे सतरा रणगाडे जयेशने ठेवून घ्यावेत, विकू नयेत. प्रत्येकाच्या पोटावर पांढऱ्या रंगात माझे नाव आणि साल आहे, त्यामुळे विकल्यास कळेल.

कलम ४. सुदेश ठाणेकर, राहणार ठाणे, माझा या छंदातला पंचवीस वर्षांचा सोबती. प्रदर्शनात तो पहिला येतो, मी दुसरा. त्याला मी काहीही ठेवत नाही. सन २००९ मध्ये तो माझ्याकडे जेवायला आला होता आणि त्याच दिवसापासून माझ्या सेंच्युरियन रणगाड्याच्या किटमधला चिन्हांचा कागद, म्हणजे आकडे आणि खुणा चिकटवायचा डिकलचा कागद, गायब आहे. त्याच्याविनाच तो रणगाडा सोळा वर्षे खोक्यात पडून होता. मी त्याला तोंडावर कधी विचारले नाही. त्याने आपणहून कबूल करावे म्हणून वाट पाहिली.

कलम ५. तो सेंच्युरियन म्हणजे माझा अठरावा रणगाडा. शेवटचा. यंदा जिद्दीने काढला, जोडला, वाळवंटी पिवळा रंग मारला, आणि तिथेच हात सुटला. ब्रश टेकवायला गेलो की टोक भलतीकडे जाते. गणपतीनंतर दोन महिने त्याला हात लावला नाही. असाच कोरा तो मागे राहणार, याचे मला फार वाईट वाटत होते. रात्रंदिवस दुसरे काही सुचत नव्हते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावरचा रुमाल काढला. बोल्टांखाली गंजाचे ओघळ होते. मी केलेले नव्हते.

मी रुमाल पुन्हा घातला. चार दिवसांनी पाहिले, तर नळीच्या तोंडाला काजळी आली होती. आणखी आठवड्याने कोपऱ्यांवरचा रंग उडाला होता, आणि असा उडाला होता की मी भिंग लावून पाऊण तास पाहत बसलो. कोणीतरी माझ्या टेबलावर बसत होते. कोणीतरी माझे ब्रश वापरत होते, आणि ते माझ्यापेक्षा चांगले वापरत होते. त्याचा हेतू काय? पुरा करून स्वतःच्या नावाने प्रदर्शनात ठेवायचा? विकायचा?

सबब असे ठरवतो की, हा अठरावा रणगाडा, कामाचे टेबल, एअरब्रश, चिमटे, भिंगाचा दिवा आणि बावीस न उघडलेली किटे ज्या हाताने हे केले त्या हाताला मिळावीत. पण आधी तो हात मला सापडायला हवा. सापडला नाही, तर सगळे खाडीत टाकावे.

कलम ६. त्यासाठी केलेल्या तजविजी खालीलप्रमाणे. रंगाच्या बाटल्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. गंजाच्या रंगाची पातळी उतरत होती. टेबलाखाली पावडर भुरभुरवली. सकाळी पावलांचे ठसे मिळाले, पण ते माझेच निघाले. दाराला दोरा बांधला, त्यात मीच अडकलो आणि गुडघा फोडून घेतला. जयेशला फोन करून सहज विचारले, मधल्या वारी कल्याणला येणे झाले का. तो म्हणाला, "नाही पप्पा, का? बरं वाटत नाहीये का?" हा आवाज मला खोटा वाटला.

मग सुदेशला बोलावले. त्याला रणगाडा दाखवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिलो. तो खाली वाकला, बराच वेळ वाकूनच होता. मग म्हणाला, "हिराजी, हे तू नाही केलेलं." मी विचारले, कशावरून? तर म्हणाला, "अरे, पंचवीस वर्षं बघतोय ना तुला! घाण करणं तुझ्या हाताला जमतच नाही. कोणी केलंय सांग, मी त्याच्याकडे शिकायला जातो." हे बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ते नाटक नव्हते एवढे मलासुद्धा कळते.

त्याच दिवशी किटची सूचनापुस्तिका काढली, तर तिच्या शेवटच्या, एकमेकांना चिकटलेल्या पानांत डिकलचा कागद बसलेला मिळाला. कलम ४ मधला आरोप मागे घेतो. सुदेशला तो कधी सांगितलाच नव्हता, त्यामुळे माफी मागण्याचा प्रश्न नाही.

कलम ७. आज शुक्रवार, दिनांक १२ डिसेंबर. जेवून, गोळी घेऊन मी रोजच्यासारखा दोन वाजता पडलो. त्या गोळीने मला चार वाजेपर्यंत जाग येत नाही. उठल्यावर रुमाल काढला. चिखल झाला होता.

चाळलेली खरी माती डिंकात कालवून लावली होती. पण मातीच्या वरच्या कडेला एक पांढरट रेघ होती, मिठाची. ती सरळ नव्हती. पुढे चढलेली, मध्ये उतरलेली, मागे पुन्हा चढलेली. आणि डाव्या अंगाला चिखल जास्त होता, पार वरपर्यंत. मला आधी हसू आले. वाळवंटातल्या रणगाड्याला भरतीची रेघ कुठून येणार? आणि रणगाडा काही एका कुशीवर कलत नाही. ओहोटीला चिखलात एका कुशीवर कलते ती होडी.

मग हसू गेले. ती आमच्या बाबांची होडी होती. तिच्या डाव्या कुशीवर अगदी असाच चिखल बसायचा, कारण आमचा धक्का उतरता होता. ही गोष्ट आता या जगात दोनच माणसांना माहीत आहे.

टेबलावर बाबांची बोथट सुरी होती, होडीचा तळ खरवडायची. प्लास्टिकच्या कडा घासायला मी तीच वापरतो. तिला खोबरेल तेल लावून, पुसून ठेवले होते. बाबा तशीच ठेवायचे.

मी तुळसाला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी दारात आली. मी विचारले, हे तू केलेस?

ती म्हणाली, "दादूस, तुजा हात कापतंय. दोन महिनं तू त्याला हात लावला नाय. नुसता बगत बसायचास. मंग मीच लावला."

"चिखल कुठला?"

"आपल्या खारीतला. दिवालीला ठान्याला गेले व्हते तवा डब्यात आनला." मग म्हणाली, "तुजा चिखल सरल बसतंय. चिखल कदी सरल बसतंय काय? बाबाची होरी बग ना आटवून."

लहानपणी होडीला डांबर लावायचे काम बाबांनी मला दिले होते. मी ते नीट करत नसे, तुळसा माझ्या पाठीमागून पुरे करायची, आणि शाबासकी मला मिळायची. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण आज नाही लिहिली तर राहून जाईल. १९८९ मध्ये हक्कसोड करायला मी तिला ठाण्याच्या कार्यालयात नेले. नुसता एक कागद आहे, असे सांगितले. ती चौथी शिकलेली होती, सही येत होती. पण सही करायची म्हणजे ती कागद वाचायला घेईल, अशी मला शंका आली. म्हणून मी कारकुनाला म्हणालो, ही अडाणी आहे, अंगठा घ्या. तिने माझ्याकडे पाहिले आणि अंगठा पुढे केला. बाहेर आल्यावर तिने एकच मागितले, बाबांची ती सुरी. मी म्हणालो, बघू. छत्तीस वर्षे झाली.

मी जयेशवर संशय घेतला, सुदेशवर घेतला, शेजारच्यांवर, केबलवाल्यावर घेतला. तुळसा दुपारभर याच घरात असते, पण तिच्यावर एकदाही घेतला नाही. तो विश्वास नव्हता. ती माझ्या खिजगणतीतच नव्हती. याची मला लाज वाटते.

कलम ८. सबब वरील कलम २ संपूर्ण खोडले आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. कोळीवाड्यातले घर माझी बहीण तुळसा हिला मिळावे, पूर्ण मालकीने. ते तिने ठेवावे, विकावे, कोणाला द्यावे, कोणी विचारू नये. कलम ५ मध्ये लिहिलेले सर्व तिचेच आहे. सुरी आजच तिच्या हातात दिली, त्या सुरीसाठी तिने मी मरायची वाट पाहायला नको.

जयेश, तुला राग येईल. फ्लॅट तुझा आहे, ठेव तुझी आहे. बिल्डरला नाही म्हणून कळव. आत्याशी नीट वाग, आणि फोनवर मी तुझा आवाज खोटा धरला ते विसरून जा.

वकीलसाहेब म्हणतात, एवढी खोडाखोड झाली, सगळे नव्याने लिहा. मी लिहिणार नाही. आधी काय लिहिले होते, ते तुळसाला दिसले पाहिजे.

हे सर्व मी राजीखुशीने, वाचून, समजून लिहिले आहे.

स्थळ: मोहने, तालुका कल्याण
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

(सही) हिराजी धाकू नाखवा
सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार

क्रमांक १: तुळसाबाई मोतीराम भगत. हे नाव खोडले आहे. तिला आता साक्षीदार होता येत नाही. (सही) हि. धा. ना.

त्याऐवजी: सुदेश ठाणेकर, राहणार ठाणे. यास या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

क्रमांक २: सुशांत पाटील, तळमजला, याच इमारतीत.

आम्ही दोघे लिहून देतो की, हिराजी नाखवा यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्यांच्या सांगण्यावरून हेही लिहून देतो की, आज दुपारी चार वाजता अठरावा रणगाडा त्यांनी स्वतः उलटा धरला, त्यांचा हात हलत होता म्हणून आम्ही खालून आधार दिला, आणि त्याच्या पोटावर त्यांच्या बहिणीने बारीक ब्रशने, पांढऱ्या रंगात, न थांबता आपले नाव लिहिले: तुळसा धाकू नाखवा. अंगठा घेतलेला नाही.

(सही) सुदेश ठाणेकर
(सही) सुशांत पाटील