रांगेत शेवटी

अहमदपूर, मे १९८३

चि. भुजंगास अनेक आशीर्वाद.

आज टँकरचं पाणी सगळ्यांना पुरलं, म्हणून लिहिते. जिल्हा नवा झाला, टँकर मात्र एकच. मुख्याध्यापिका म्हणून शाळेची शिट्टी वाजवून रांग मीच लावायची आणि रोज पहिली असे. तू फौजेतून रजेवर आलास, हवालदार असून शेवटी उभा राहिलास. मी चिडले.

"अक्का, आमच्याकडं जवान जेवल्याबिगर साहेब ताट घेत न्हाई."

तू गेल्यावर मीही शेवटी उभी राहू लागले. दोनदा रिकामी घागर घेऊन परतले. तिसऱ्या दिवशी रांगेत पुढं असलेली चांगुणा ओरडली, "बाई मागं हायत, दोन-दोनच घागरी भरा गं." भांडणंच मिटली.

हे पत्र टाकणार नाही, डोक्यावर बसशील.

तुझी अक्का

(पत्राच्या पाठीवर) सुपूर्द: रांगेचा कारभार आणि शाळेची शिट्टी. घेणार: चांगुणा. तिची अट: बाईंनी रांगेत गप उभं राहावं. मान्य.