गांगुर्ड्यांची गोल डोकी

८ जून २०२५, रविवार
तेजल साडेचार महिन्यांची झाली. फोटोसाठी मांडीवर पालथी घेतली, तर डोकं मागून उजवीकडे चपटं. चक्क सपाट. मी हायस्कूलला भूमिती शिकवतो, वर्तुळ मला कळतं. संजना म्हणाली, महिनाभर हेच सांगतेय, तू मोबाइलमधून डोकं वर काढशील तर ना. विषय माझ्या डोक्याचा नव्हता. दुर्लक्ष केलं.
आम्हा गांगुर्ड्यांत असली डोकी नाहीत. हे मनमाडहून आलंय. संजनाचं माहेर मनमाड. तिला बोललो नाही, बोलणारही नाही. समंजसपणा म्हणतात तो हाच.

१० जून, मंगळवार
बोललो.
भाजीत मीठ नव्हतं. नंतर तिने भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला. अश्विन रेल्वेत आहे, आवाज मोठा. मीही ठणकावून सांगितलं, तेजलचं डोकं बरं होऊ दे, जावळाच्या दिवशी तिच्यासोबत मीही गोटा करतो. मग मागून नीट बघून घे घराणं काय असतं ते. अश्विन म्हणाला, ठरलं दाजी.
आई मधेच म्हणाली, आरं कशाला केस घालवतो, चांगले दाट हायेत. आई मूळची चांदवडची, आता आमच्याकडेच असते. माझ्या केसांचा तिला फार अभिमान. मागे छान फुगा आहे, शाळेत असल्यापासून.

१४ जून, शनिवार
डॉक्टर मॅडमकडे गेलो. बाळ सतत एकाच अंगावर झोपलं की असं होतं, म्हणे. घराण्याचा संबंध नाही. मॅडम वयाने लहान आहेत. अनुभवाने कळेल.
उपाय हेल्मेट. मशीनवर तेजलच्या डोक्याचं माप घेऊन बनवणार. दिवसातले तेवीस तास घालायचं, आंघोळीपुरतं काढायचं. वर्षाच्या आत कवटी ऐकते, पुढे ऐकत नाही. संजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला धीर दिला. म्हणालो, तू काळजी करू नकोस, हे खातं माझ्याकडे. त्यावर ती जास्तच रडली.
शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या, मुलीची जात, केस वाढले की कोण बघतंय. संजनाने त्यांच्या तोंडावर दार लावलं. आईने मोहरीची उशी शिवली. मॅडम नको म्हणाल्या. आता ती आईच मानेखाली घेते.

२८ जून, शनिवार
हेल्मेट आलं. पांढरंशुभ्र. तेजल त्यात एकदम अंतराळात निघाल्यासारखी दिसते.
संजना मेडिकलमध्ये फार्मासिस्ट, तिची शिफ्ट संध्याकाळची. तेव्हा संध्याकाळची ड्युटी माझी. शिस्त म्हणजे शिस्त. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याला एक बाळ म्हणजे काय!

३० जून, सोमवार
रडली. घामाने केस चिकटले होते. पाच मिनिटं काढलं. याला शिस्त मोडणं म्हणत नाहीत, मधली सुट्टी म्हणतात.

४ जुलै, शुक्रवार
मधली सुट्टी थोडी लांबली. संजनाच्या गाडीचा आवाज आला तसं घातलं. बरोब्बर जमलं. कातडीला हवा लागणंही गरजेचं असतं, विज्ञान आहे. आईने बघितलं.

१३ जुलै, रविवार
मनमाडला संजनाच्या चुलत बहिणीचा साखरपुडा. संधी सोडली नाही. शेवटच्या रांगेमागे उभं राहून पाहुण्यांची डोकी तपासली. गोल. गोल. पुन्हा गोल. शेवटी एक मस्त चपटं सापडलं! संजनाला दाखवायला बोलावलं. डोकं वळलं, तर केटरर. मालेगावचा.
संजना येताना गाडीत झोपेचं सोंग घेऊन बसली.

२ ऑगस्ट, शनिवार
द्वारका चौकातल्या सिग्नलला अडवलं. मी स्कूटरवर, मागे संजना, तिच्या मांडीवर तेजल. तिघांत हेल्मेट एकाच डोक्यावर. मी घालत नाही, मागचा फुगा बसतो. हवालदारबाई तेजलचा गाल ओढून म्हणाल्या, लेकीला समज हाय, बापाला नाय. सिग्नलवरचे सगळे हसले. पावती फाडली.
नाइलाजाने हेल्मेट विकत घेतलं. डिकीत ठेवलंय.

२३ ऑगस्ट, शनिवार
तपासणी. मॅडमनी माप घेतलं, मागचं माप बघितलं, पुन्हा घेतलं. फरक जवळजवळ नाही. संध्याकाळी काढता का, असं त्यांनी विचारलं. मी हेल्मेटच्या दर्जाबद्दल बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात आई म्हणाली, त्याला पोरीचं रडणं सोसवत नाय वो.
मॅडम म्हणाल्या, हातात चार-पाच महिने उरलेत. मग मी काही करू शकणार नाही.
घरी आल्यावर संजना एवढंच म्हणाली, तुझी दया पाच मिनिटांची असते, तिला हे डोकं जन्मभर वागवायचंय.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. तेजल माझं बोट धरून झोपली होती, पुन्हा त्याच उजव्या अंगावर. हळूच कूस बदलली. तिने परत उजवीकडे वळवली. भीती वाटली मला.

२५ ऑगस्ट, सोमवार
आज काढायचं नाही म्हणजे नाही. तेजल हेल्मेट ओढून ओढून रडत होती. गाणी म्हटली, प्रमेय म्हणून दाखवलं, उपयोग शून्य. शेवटी वैतागून डिकीतलं हेल्मेट आणलं आणि स्वतःच्या डोक्यावर चढवून पट्टा आवळला.
रडणं बंद. माझ्याकडे बघत राहिली आणि हसली! स्वतःच्या हेल्मेटला हात लावून पुन्हा हसली.
मी काढलं की भोकाड. घातलं की शांत. युक्ती माझीच.

२६ ऑगस्ट, मंगळवार
पूर्ण ड्युटी झाली. हेल्मेट घालून घटक चाचणीचे पेपर तपासले. चहा काच वर करून प्यायलो. गोजराबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या, दारातूनच गेल्या.
फुगा पार बसला. संजना माझ्या मागे जरा जास्तच वेळ उभी होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
फरक पडला! मॅडमनी असंच चालू ठेवा म्हणून सांगितलं. संजनाने गाडीवर पाठीमागून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बऱ्याच दिवसांनी. शेवटी हाडं कोणाची आहेत!

१४ डिसेंबर, रविवार
हेल्मेट काल उतरलं, कायमचं. तेजलचं डोकं छान गोल झालंय. कंपास लावून बघावंसं वाटतं. जावळ पुढच्या रविवारी. अश्विनला मीच आठवण करून दिली, मोबाइल चार्ज करून आण म्हटलं, मागून फोटो काढायचाय. आई आज तीनदा म्हणाली, थंडी लय हाय, राहू दे केस. म्हातारपणी माणसं हळवी होतात.

२१ डिसेंबर, रविवार
जावळ झालं. अश्विनच्या मांडीवर तेजल अजिबात रडली नाही. मग पाटावर मी बसलो. कोंडाजी न्हाव्याने मशीन फिरवलं. समोरून चालू केलं, मागे गेला आणि थांबला. म्हणाला, सर, इथं काय आपटलं होतं का?
अश्विनने फोटो काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, कोणाच्या तरी अंगणातली फरशी आहे.
मशीनचा दोष असेल म्हणालो. कोंडाजीने मशीन पुसून पिशवीत ठेवलं.
संजनाला म्हणे लग्नातच कळलं होतं, हळदीच्या आंघोळीनंतर केस ओले होते तेव्हा. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुला आवडलं नसतं.
पाहुणे जेवायला बसल्यावर आई तेलाची वाटी घेऊन आली. म्हणाली, खळ्यावर कांदे निवडायला जायची तवा तुला पाटीत निजवायची. दिवसभर एकाच अंगावर. कूस वळवायला माझा हात मोकळा नसायचा रं. म्हून तर तुझे केस वाढवले.
तिने सपाट जागेवर तेल लावलं, बराच वेळ चोळत राहिली. तेजल रांगत आली आणि तिनेही तिथेच थापट्या मारल्या. दोघींना थांब म्हणवेना.
संध्याकाळी मॅडमना फोन केला. मोठ्या माणसांसाठी काही असतं का, एका पालकांसाठी विचारतोय म्हणालो. नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, सर, तुम्ही बसल्यावर नेहमी दिसायचं मला.
उद्या शाळा आहे. हेल्मेट डिकीतून काढून उशाशी ठेवलंय. सकाळी घालतोय. आंघोळीपुरतं काढीन.