गुळणी

ता. ११ फेब्रुवारी, दुपार

ती. वहिनींस,

धाकट्या दिराचा सा. नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे. पण तिकडचं मला माहीत आहे. दादाचा गुडघा आणि तुमचा राग. दोन्ही माझ्यामुळेच वाढलेत असं तुमची जाऊ म्हणते. गुडघ्याचं मी मान्य करत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोन कंपनीचा आहे. आणि तोंडाने सांगायचं तर त्यासाठीच मागच्या महिन्यात आलो होतो. दादाच्या गुडघ्यावर तासभर बोललो आणि गाडी पकडून परत गेलो. म्हणून हे. वाचून झालं की फाडून टाका.

सव्वीस तारखेला आमच्याकडे तुमच्या गेमची टेस्ट आहे, तिच्याबद्दल लिहायचं आहे. लिहितो. आधी जरा इकडचं सांगतो.

नवं ऑफिस झकास आहे. दार गळ्यातलं कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही, आतून बाहेर जायलासुद्धा. चहाचं यंत्र आहे, त्याला चहा सोडून सगळं येतं. खिडक्या आहेत, उघडत नाहीत. मागच्या आठवड्यात एक चिमणी कशी कोण जाणे आत आली. तिला बाहेर काढायला दोन खात्यांची परवानगी लागली. मी हसलो, सगळे हसले, मग सगळे आपापल्या जागेवर जाऊन बसले.

आपलं दुकान आठवतं ना? मी गेम पार्लरच्या गल्ल्यावर बसून पोरांची बोलणी ऐकायचो आणि तुम्हाला येऊन सांगायचो, की वहिनी, खेळताना माणूस तोंडाने खोटं बोलतो, खुर्चीने नाही. कंटाळला की खुर्ची वाजते. रंगला की वाजत नाही. तुम्ही म्हणालात, "मग हेच विका की! घरात बसून एकटे-दुकटे गेम बनवणारे एवढे आहेत. आपला गेम कोण घेईल, कुठे कंटाळेल, त्यांना कोण सांगतं?" दादा म्हणाला होता, "लोक खेळणार, हा बघणार, आणि याला पैसे? मी रोज मॅच बघतो, मला कोण देतं?"

मग दुकान मांडलं ते पार्लरमागच्या खोलीत, मधोमध कुठल्याशा बँकेची जुनी काळी, एकाच बाजूने दिसणारी काच. अलीकडे उजेडात खेळणारा, पलीकडे अंधारात आपण. पहिलं गिऱ्हाईक तो लंबू. दोन वर्षं खपून गेम केलेला. खेळायला बसवलेली कॉलेजची मुलगी एका दारापाशी अडकली आणि हा काचेमागून ओरडायला लागला, "डावीकडे! अहो, डावीकडे!" तुम्ही पाण्याचा पेला त्याच्या हातात दिलात.

"हे तोंडात धरा. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. ती उठली की मग बोला."

बिचारा गाल फुगवून बसला. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून नाही. मुलगी वैतागून उठली, तेव्हा बेसिनमध्ये गुळणी टाकून तो म्हणाला, "दार दिसतच नाही, नाही का हो?" दार दुरुस्त केलं, गेम चालला, आणि आपलंही दुकान चाललं. 'गुळणी धरा' ही पाटी तुम्हीच रंगवलेली. ती इथेही लावली आहे. पाहुणे आले की तिचे फोटो काढतात.

दुकान गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला का दिलं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. छोट्या लोकांच्या छोट्या खिशावर पगार निघेनात, एवढंच. त्यांनी प्रेमाने हात हातात घेतला. आता मनगट धरलंय. चार वर्षं सोडून जायचं नाही, हाच धंदा दुसरीकडे करायचा नाही, आणि या खोल्यांतलं एक अक्षरही बाहेर बोलायचं नाही. मी सही करताना विनोद केला होता, की माझ्या बायकोनेही एवढ्या अटी घातल्या नव्हत्या. वकीलबाई हसल्या नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं.

आता माझ्या कानांचं सांगतो.

आमच्या डोक्यावरचा मजला कंपनीचाच. तिथे कोण बसतं, आम्हाला माहीत नव्हतं. एकदा एक जोडगोळी आली, दोघे भाऊ. अंधाऱ्या गावात एकेक दिवा लावत जायचं, असा त्यांचा गेम. खेळायला एक नर्स होती, ड्यूटी संपवून आलेली, जांभया देत. तिसऱ्या गल्लीत तिची खुर्ची गप्प झाली. आणि त्याच क्षणी वर, छतावर, खुर्च्यांची चाकं सरकली. एक नाही, सात-आठ. सगळी एकाच दिशेला.

मी मनात म्हटलं, योगायोग. पुढच्या टेस्टला पुन्हा कान दिला. जिथे खेळणारा रंगतो, तिथे वर चाकं सरकतात. आमच्या खोलीत जे दिसतं ते वरही दिसतं, वहिनी. मी ज्या काचेमागे बसतो, तिच्यामागे आणखी एक काच आहे.

काही महिन्यांनी कंपनीचा नवा गेम आला. अंधारं शहर, दिवे. पन्नास माणसांनी केलेला, देखणा. त्या भावांचा नंतर आला. लोकांनी त्यांनाच नक्कलबहाद्दर ठरवलं. धाकटा भाऊ मला भेटायला आला. वकीलबाई शेजारी उभ्या होत्या.

"काका, तुम्ही बघितलं होतंत ना? आमचा आधी होता. सांगा ना कुणाला तरी."

मी म्हणालो, "चहा घेणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. आणि गेला.

घरीही हल्ली बोलणं होत नाही. तुमची जाऊ परवा म्हणाली, "तुम्ही काचेपलीकडून जेवता." ती सहज म्हणाली.

असो. तुमच्या गेमचं. मी 'बघू, बघू' करत होतो, तर तुम्ही चिडून म्हणालात, "भावोजी, जगातल्या पोराटोरांचे गेम तपासता, घरच्या बाईचा आला की बघू?" आणि परक्या गिऱ्हाइकासारखी वेबसाइटवरून तारीख घेतलीत. आज सकाळी यादीत तुमचं नाव दिसलं, आणि मी उठून खिडकी उघडायला गेलो. ती उघडत नाही हे विसरूनच.

मागच्या महिन्यात तुमच्या टेबलाशी बसून मी तो खेळलो. फाटके कपडे, सुई, रफू. आपण टाका घालायचा, आणि कपडा ज्याचा होता त्याचा आवाज हळूहळू येतो. त्या काळ्या कोटाची बाही मी शिवली आणि आतून खोकला आला. बाबांचा खोकला. आधी दोन बारीक, मग थांबून एक मोठा. त्यांचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. तुम्ही स्वतः खोकलात ना तो? शेवटची दोन वर्षं रात्रंदिवस ऐकलेला, तुमच्याशिवाय कुणाला जमणार?

तुम्ही विचारलंत, "ओळखलात?" मी म्हणालो, "दादाच्या गुडघ्याला शेक देता का?"

ओळखला होता, वहिनी. माझा चहा निवून गेला होता आणि खुर्ची एकदाही वाजली नव्हती. एवढ्या वर्षांत असं माझं स्वतःचं कधी झालं नव्हतं. हाच माझा रिपोर्ट. कंपनीच्या कागदावर तो येणार नाही.

सव्वीसला येऊ नका.

तुमच्या कोटापाशी ज्या क्षणी खेळणाऱ्याचा श्वास अडकेल, त्या क्षणी वर चाकं सरकतील. माणसांना आणि पैशाला तोटा नाही त्यांना, घाई करतील आणि नीट करतील. त्यांचा खोकला कुठलातरी नट खोकेल. तुमच्याआधी येईल, तुमच्यापेक्षा चकचकीत येईल, आणि मग रफू करणारी बाई चोर ठरेल. मी तारीख रद्द केली तर कुणी केली आणि का, ते नोंदलं जातं. तुम्हीच करा. सर्दी झाली म्हणा, सून आजारी म्हणा. सून नाही हे त्यांना ठाऊक नाही.

टेस्ट घरीच घ्या. शेजारच्या शिंपीणबाईंना बसवा, वरच्या मजल्यावरच्या त्या शिकवणीवाल्याला बसवा. दादाला नको, तो गेमशी भांडेल. तुम्ही मागे बसा, तोंडात पाणी धरा आणि फक्त खुर्ची ऐका. दुसऱ्या टप्प्यात सुई फार बारीक दिसते, तिथे माझाही हात चुकला होता. तेवढं बघा. आणि लवकर बाहेर काढा, परिपूर्ण होईपर्यंत थांबू नका.

हे सगळं लिहून झाल्यावर पहिलं पान पुन्हा वाचलं. 'वाचून झालं की फाडून टाका' असं मी लिहिलंय. माणूस किती हुशार असावा! दुसऱ्याला सावध करायचं, पण आपला ठसा मागे ठेवायचा नाही. त्या धाकट्या भावाला चहा विचारला तोच हा माणूस.

तर ते वाक्य खोडलं आहे, बघा. पत्र फाडू नका. तुमच्या कपाटात, कपड्यांखाली ठेवा. उद्या रफूचा गेम दुसऱ्याच्या नावाने आधी आला, तर हे पत्र सगळ्यांना दाखवा. मी काय पाहिलं, कधी पाहिलं, कुणाचं पाहिलं, सगळं यात आहे. त्या दोघा भावांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. त्यांनाही याची एक प्रत पाठवा. माझं काय होईल याचा विचार करू नका. करायचाच तर तुमच्या जावेला चार दिवस तुमच्याकडे बोलवा.

तारीख वर आहेच. खाली सही करारावर केली होती तशीच करतो आहे, पूर्ण, म्हणजे ती माझी नाही असं कुणाला म्हणता येऊ नये. मलासुद्धा.

गुळणी टाकून,
तुमचा धाकटा दीर
(सही)